ठकूमावशीला कोणी घालवलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जमेल असं वाटलं — जमेल का? लिहायला बसल्यापासून तीनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराची कडी लावायला. तिसऱ्यांदा कशाला उठले, ते मलाच कळलं नाही.

मी मुरबाड तालुक्यातल्या धसईत ब्लाउज शिवते. माझी आई माझ्याकडेच असते. चार वर्षांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिचं बोलणं गेलं. आता नुसतं ‘हां’ म्हणते, तेही कधीतरी. जिचा आवाज शेजारच्या आळीत ऐकू जायचा, ती बाई गप्प झाली. नाक्यावरच्या भाजीवाल्यांनाही ते चुकल्यासारखं वाटायचं, मग घरात काय झालं असेल?

रेश्मा माझी मैत्रीण. शहापूरची. मुरबाडच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. शहापूरहून तिला एसटीची वेळ जमेना, म्हणून आठ दिवसांसाठी आमच्या घरी राहायला आली आणि दोन वर्षं राहिली. माझी आई तिला मुलीसारखंच वागवायची — म्हणजे माझ्याइतकंच ओरडायची. जेवताना कुणी फुगून बसलं की आई म्हणायची, “राग पन वाढू का गो, भाकरीसंगती?” रेश्मा हसून लोळायची आणि तिच्या वहीत काहीतरी लिहून ठेवायची. आम्हाला वाटायचं, अभ्यास करते.

पुढे ती मुंबईला गेली. एका मालिकेचे संवाद लिहायला लागली. मालिकेचं नाव लिहीत नाही, तुम्ही पाहिलीही असेल. त्यात मोठ्या घरातली एक स्वयंपाकीण होती, ठकूमावशी. छोटंसं काम. यायची, दोन वाक्यं टाकायची, जायची. एका संध्याकाळी साडेसातला मी टीव्ही लावून गळ्याची पट्टी जोडत होते आणि ठकूमावशी मालकाच्या रुसलेल्या सुनेला म्हणाली, “राग पन वाढू का गो, भाकरीसंगती?”

आई हसली. पक्षाघातानंतर पहिल्यांदा. वाकड्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि डाव्या हाताने मला खुणावत राहिली — बघ, बघ, मी!

त्यानंतर रोज साडेसात. ठकूमावशी आमच्यासारखी बोलायची. नाय, हाय, आमी, तुमी. आणि कुणी तिला हसायचं नाही, तिच्याबरोबर हसायचं. फेसबुकवर ठकूमावशीच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता, मीही त्यात होते. म्हसा गावच्या जत्रेत पाळण्याच्या रांगेत बायका तिची वाक्यं एकमेकींना ऐकवत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ती माझी आई आहे.

आणि मग एक दिवस ठकूमावशी लेकीकडे नाशिकला गेली. पिशवी उचलून, दारातून. निरोप नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात सून स्वतः चहा करत होती. आठवडा गेला, महिना गेला, कुणी तिचं नावसुद्धा काढलं नाही. एवढी वर्षं घरात राबलेली बाई — एकालाही आठवण येऊ नये?

आई रोज साडेसातला पडद्याकडे बघायची. स्वयंपाकघर दिसलं की मान वर करायची. मालिका संपली की माझ्याकडे बघायची. मी टीव्ही बंद करायचे.

मी रेश्माला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, “वैशू, ठकूमावशीचा ट्रॅक बंद केलाय. वरून आलंय. माझ्या हातात नाय. कुणाला बोलू नको, नंतर बोलते.” आणि ठेवला. नंतर तिचा फोन आला नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. मी मशीनवर बसले की डोक्यात तेच. आमच्या घरात राहिलीस, आमच्या ताटात जेवलीस, माझ्या आईचे शब्द उचललेस, आणि दोन मिनिटं बोलायला वेळ नाही? त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या मी उलट्या जोडल्या.

ग्रुपवर लोक चवताळले होते. कुणी ठकूमावशीला घालवलं? लेखक कोण? आणि मी — इथपर्यंत येते आणि पुन्हा उठावंसं वाटतं.

मी खोट्या नावाने खातं उघडलं. दुपारची वेळ होती, आई झोपली होती, मी पूर्ण शुद्धीत होते. मी लिहिलं: ठकूमावशीला घालवणारी आपल्याच शहापूरची आहे. रेश्मा. आडनावही लिहिलं. तिचा फोटो टाकला. तिच्या वडिलांचं शहापूरच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, तेही लिहिलं. ट्रॅक बंद करायचं वरून ठरलंय, हे तिने मला विश्वासाने सांगितलेलं, तेही लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य माझ्या मनचं — ती स्वतः म्हणाली, असलं गावठी बोलणं ऐकायला कुणाला आवडतं?

हे ती कधीही म्हणाली नव्हती. हे मी रचलं.

का रचलं? बाकीच्या मजकुराने लोक चिडतील की नाही याची मला खात्री नव्हती म्हणून. या वाक्याने चिडतील याची होती.

चिडले. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते सगळीकडे गेलं. तिला काय काय लिहिलं, ते मी इथे उतरवणार नाही, पण मी सगळं वाचलं. वाचताना आधी बरं वाटलं. हेही सांगायला हवं ना? तासभर तरी बरं वाटलं. दुकानाच्या पाटीवर तिच्या वडिलांचा नंबर होता. लोक त्यांना फोन करून ओरडायला लागले. दोन माणसं तर दुकानात येऊन त्यांच्या तोंडावर, चार गिऱ्हाइकांसमोर बोलून गेली. काका अगदी भिडस्त माणूस, चूक दुसऱ्याची असली तरी ‘माफ करा’ म्हणणारे. त्यांनी त्या माणसांचीही माफी मागितली. आणि त्यानंतर दुकानात बसायचंच सोडलं. आता ते दुकान पुतण्या चालवतो.

मी खातं बंद केलं. उपयोग काय? तोवर आतली गोष्ट बाहेर फोडली म्हणून कंपनीने रेश्माला काढून टाकलं होतं.

ती शहापूरला परत आली आणि तिसऱ्याच दिवशी आमच्याकडे आली. पिशवीत कागद होते. आईच्या खाटेवर बसून म्हणाली, “काकी, तुमाला असं पाठवायचं नव्हतं मला. भांडले मी, लय भांडले.” मग कळलं. त्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती त्याच विषयाच्या मीटिंगमध्ये होती, खोलीत सगळे बसलेले होते. पंधरा दिवस ती ठकूमावशीसाठी झगडत होती. निदान एकदा परत आणून निरोप तरी द्या म्हणून तिने तीन पानांचा प्रसंग लिहून दिला होता. तो चित्रित झालाच नाही. तेच कागद तिने आणले होते. तिने ते आईला वाचून दाखवले, आईच्याच आवाजात, हातवारे करून. आई हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी आत चहाला उभी होते. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मी तशीच उभी होते.

नंतर ओट्याशी येऊन तिने मला विचारलं, “कोन असंल गो? वरून आलंय हे मी दोघांनाच बोलले होते. तू आनि निनाद.”

निनाद तिच्याबरोबर लिहायचा. दोघं लग्नाचं ठरवत होती, घरी अजून सांगायचं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. ती रागाने बघतही नव्हती. माझा संशय तिच्या मनाला शिवलाच नव्हता. दोन नावं घेतली, आणि त्यातलं एक तिने स्वतःच बाजूला ठेवलं. मी कप विसळत होते. मी म्हटलं, “मंग तोच असंल. दुसरा कोन?”

एवढंच. पाच शब्द.

त्याने खूप फोन केले. एकदा शहापूरपर्यंत आला. ती भेटली नाही. मागच्या वर्षी त्याचं लग्न झालं.

ती आता शहापूरला एका क्लासमध्ये मराठी शिकवते. पंधरा-वीस दिवसांनी आमच्याकडे येते. आईची नखं कापते, केस विंचरते, तिच्याशी तासन्‌तास बोलते. लोक म्हणतात, सख्खी बहीण करणार नाही एवढं करते. मला प्रत्येक वेळी वाटतं, आज सांगू. ती एसटीतून उतरताना दिसली की वाटतं, ती जाईपर्यंत वाटत राहतं, आणि गाडी सुटली की मोकळं वाटतं. कसलं मोकळं?

मागच्या महिन्यात तिला मुंबईहून फोन आला. नवी मालिका होती, सगळे संवाद तिनेच लिहायचे होते. जुनं ते काही कुणाच्या लक्षात नाही, म्हणाले. ती धावत माझ्याकडे आली. एवढ्या वर्षांनी तिचा चेहरा असा पाहिला. म्हणाली, “तू सांग वैशू. जाऊ का?”

मला पहिला विचार काय आला, सांगते. ती मुंबईला गेली तर निनाद कुठेतरी भेटेल. दोघं बोलतील. आणि तिला कळेल की तो नव्हता.

मी म्हटलं, “नको जाऊ. परत तसंच झालं तर? काकांना झेपंल का?”

तिने फोन हातात उलटसुलट फिरवला. मग “खरं हाय गो तुझं” म्हणाली. माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसूनच तिने फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. मी तिच्या समोर होते. हातातलं कापड खाली ठेवून मी तिचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले.