चौकातली बर्फाची लादी

भाच्या, जवळ बस. आत्याच्या दारातून असं परत फिरतं का कुणी?

मी नवी सून होते तेव्हाची गोष्ट. अकोल्यात जुन्या शहराच्या चौकात एक परका माणूस भाषण द्यायला आला होता. हिमालयातला बर्फ मोजायचा म्हणे. पाटावर बर्फाची लादी ठेवून सांगे, "तिकडचा बर्फ असाच वितळतोय, पुढं नद्या आटतील."

"आमची मोर्णा दरसाल आटते बावा, तिले हिमालय कायले पायजे?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

त्याच दुपारी माझी जाऊ वारली. तिचा भाऊ चांदूर रेल्वेहून माहेरचं लुगडं आणणार होता. ते पांघरल्याशिवाय आमच्यात बाईला उचलत नाहीत. उन्हाळा कडक, अन् तो येईस्तोवर तिला ठेवायला बाजारात बर्फ उरला नव्हता. त्या माणसानं भाषण सोडलं, लादी पोत्यात गुंडाळून आणली अन् तिच्या उशाशी बसला. म्हणाला, "वितळताना आवाज होत नाही ना बाई, म्हणून कोणी वळून पाहत नाही."

लादी वितळून गेली तरी भाऊ आला नाही. म्हाताऱ्यांनी तिला तशीच उचलली. भाऊ मागून आला तो लुगडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिला.

तू माझ्यासाठी लुगडं घेऊन धावू नको रे. मी बोलून राहिली तवरच ये. लवकर ये.