गुणाजीच्या टाकीतला ट्रिगर

उरणच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनर रचलेले दिसतात. त्यातल्या डाव्या हाताच्या यार्डाखाली गुणाजीचं मिठागर आहे. 'होतं' म्हणायचं नाही. त्याच्यासमोर कुणी 'होतं' म्हणालं, की तो फाडकन विचारतो, "मग गेलं कुठं? उडालं?" त्याचं म्हणणं, वाफे आहेत तिथंच आहेत. वर भराव टाकला, डांबर ओतलं, म्हणून खालची जमीन काय मरत नाही. जमिनीच्या मोर्चात लाठी खाल्लेला माणूस तो. त्याच्याशी वाद घालायला गावात कुणी धजत नाही.

त्याचा मुलगा परेश मात्र त्याच यार्डात ट्रेलर लावतो. धंद्यात जम बसला तसं त्यानं नवं घर बांधलं. हॉल एवढा मोठा, की त्यात गुणाजीचा एक वाफा आरामात मावला असता. त्या हॉलमध्ये भिंतीला लागून परेशनं काचेची लांबलचक टाकी बसवली. पनवेलच्या कुठल्यातरी पार्टीच्या ऑफिसात त्यानं तसली पाहिली होती. साधे गोड्या पाण्यातले मासे नकोत, समुद्रातले रंगीत हवेत, असा त्याचा हट्ट. मासे आले आणि एकामागून एक मेले. टाकीत नुसतं पाणी राहिलं. सूनबाई तिच्यावर कपडे वाळत घालू लागली.

गुणाजीनं तोवर टाकीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. समुद्र बुजवून त्याच्या जागी काचेचं डबडं आणून ठेवायचं, ही असली अक्कल त्याला पटत नव्हती, आणि हे तो जेवताना रोज ऐकवत असे.

मग करंजाच्या कोळीवाड्यातला भिकू एक मासा घेऊन आला. भिकू आणि गुणाजी पोरपणापासूनचे. मिठागरात पाणी घ्यायच्या वेळी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, तोंडाशी चिखलातले निवट्या मासे धरायला भिकू यायचा, तेव्हापासूनची दोस्ती. त्याच्या जाळ्यात वाहून आलेल्या एका ओंडक्याच्या आडोशानं हा मासा आला होता. तळहाताएवढा, चपटा, मळकट तपकिरी. तोंड इवलंसं आणि डोळे पार मागे, पाठीजवळ. पाठीवरचा काटा ताठ उभा करून तो जाळ्याच्या भोकात असा अडकला होता, की ओढून निघेना.

"खायला कामाचा न्हाय," भिकू म्हणाला. "कातडं चपलेसारखं. आमी फेकूनच देतो. पण गंमत बघ." त्यानं पहिल्या मोठ्या काट्याला जोर लावला. काटा हलला नाही. मग मागचा बारका काटा नुसता बोटानं दाबला, तसा पुढचा काटा आपोआप खाली पडला.

गुणाजी बघतच राहिला. उघाडीची फळी अडकवायला त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. भरतीचा सगळा जोर मोठ्या फळीवर, आणि ती फळी धरून ठेवायला मागं एक वीतभर खुंटी. खुंटी काढली की फळी सुटली. हे कुणी त्या माशाला शिकवलं? तो मासा त्यानं बादलीतून थेट टाकीत सोडला.

परेशनं फोटो काढून दुकानदाराला पाठवला. उत्तर आलं, हा ट्रिगर जातीचा मासा. मोठा झाला की गर्द निळा होईल, दात लाल होतील. सोबत दोन रंगीत चित्रं. गुणाजी रोज सकाळी काचेला नाक लावून दात बघू लागला. दात लाल होईनात. उलट पाठीवर बारीक फिकट ठिपके उमटले. शेपटीचा देठ बारीक, काडीसारखा, आणि डोळ्यापुढं एक खाच. चित्रातल्या निळ्याची शेपटी चंद्रकोरीसारखी, ह्याची तशी नाही. केसरबाईनं, म्हणजे गुणाजीच्या बायकोनं, पोळ्या लाटता लाटता वाकून पाहिलं आणि म्हणाली, ह्याच्या पाठीवर तर चांदण्या पडल्यात. पुढं परेशनं मोबाइलवर शोधलं, तेव्हा जातही तीच निघाली: चांदण्यांचा ट्रिगर. दुकानदारानं चूक कबूल केली नाही, फोटोच नीट नव्हता म्हणाला.

मासा एकटाच राहणार, हेही लवकरच कळलं. सोबतीला सोडलेल्या दुसऱ्या माशाचे पंख त्यानं कुरतडले. दगड तोंडानं उचलून आपल्या मनासारखे लावले. गुणाजीनं हात घातला, तर बोटाला चावला. पाण्याबाहेर काढला, की डुकरासारखा घुरघुरायचा. खेकड्याचा नांगा दिला, की कटाकट फोडायचा. गुणाजीला असला तिखट स्वभाव आवडला, घरात दुसरा कुणी तसा नव्हता.

परेशनं मात्र सांगून ठेवलं होतं, "बाबा, लास्ट चान्स. हा गेला की टाकी बाहेर. खाऱ्या पाण्यानं फर्निचर गंजतंय."

परेशला टाकी म्हणजे फर्निचर. गुणाजीला टाकी म्हणजे पाणी. टाकीचं पाणी दुकानातल्या मिठाच्या पुडीचं नको, खरं समुद्राचं हवं, असं त्यानं ठरवलं होतं. त्यासाठी तो कॅन घेऊन भिकूच्या होडीतून खाडीच्या तोंडाबाहेर जायचा, गाळ संपून पाणी हिरवं होतं तिथवर. मिठागर भरावाखाली गेल्यापासून भरतीची वेळ बघायचं त्याला काही कारणच उरलं नव्हतं. आता पुन्हा तो घराच्या पायरीवर उभा राहून चंद्राचा हिशोब करू लागला. होडीत बसला, की बांधावर उभं राहून घातलेल्या शिव्या, पायांच्या भेगांत शिरणारं खारं पाणी, सकाळच्या उन्हात वाफ्यावर धरणारी पहिली पांढरी साय, सगळं त्याला आठवायचं. भिकू टोमणे मारायचा, माशासाठी येतोस का वाऱ्यासाठी? गुणाजी मनात म्हणायचा, मासा मेला तर कुणासाठी कॅन भरायचे? नुसताच होडीत बसायला म्हातारा आला, तर कोळीवाडा हसेल.

वैशाखात उकाडा वाढला. हॉलमधला पंखा दिवसभर गरगरत होता. टाकीतलं पाणी उतरायचं, गुणाजी लगेच कॅनमधलं ओतून भरून काढायचा. उतरलं, ओतलं. उतरलं, ओतलं. हात न सांगता चालत होता.

मासा मलूल झाला. खाणं सोडलं. दगडांच्या फटीत आडवा शिरून काटा ताठ करून बसला, कल्ले भराभर हलायचे. आणून टाकलेली कोळंबी त्याच्या तोंडापुढून तरंगत गेली तरी बघेना.

गुणाजी पेटला. खाडीत कुणीतरी काहीतरी सोडतंय, म्हणून तो तक्रार करायला निघाला. भिकूशी भांडला, की तू मला लांब नेत नाहीस, जवळचंच घाण पाणी भरायला लावतोस. परेशशी भांडला, की तुझ्या ट्रेलरचं डिझेल गटारातून खाडीत जातं. परेश म्हणाला, पाणी मोजून बघा ना, दुकानदारानं खारटपणा मोजायचा काचेचा काटा दिलाय कशाला? गुणाजीनं बोट बुडवून जिभेला लावलं. ही जीभ मिठाचं पाणी चाखत म्हातारी झालीय, ती काट्याला विचारायला जाणार नाही, असं त्यानं सुनावलं. पाणी त्याला सौम्य लागलं, चांगलं समुद्रासारखं. ज्या जिभेनं वाफ्यातलं मिठानं जड झालेलं पाणी चाखलं, तिला दुसरं काय लागणार?

केसरबाई टाकीची काच पुसायला आली होती. तिनंही मिठागरात डोईवर टोपल्या वाहिल्यात, लग्नाआधी बापाच्या, लग्नानंतर सासऱ्याच्या. काचेच्या वरच्या कडेला पांढरी खरवड धरली होती. तिनं ती नखानं खरवडली, तोंडात टाकली आणि चघळत उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "तुमी मासा पाळीत न्हाय. तुमी मीठ पिकवताय."

गुणाजीनं खरवडीवर बोट फिरवलं. वाफ्यात हेच करतात. ऊन पाणी खातं, मीठ मागं राहतं. वाफ्यात पुन्हा खारं पाणी घ्यायचं, पुन्हा उन्हाला द्यायचं, पाणी जड होत जातं. उतरलेलं पाणी खाऱ्यानंच भरायचं, हे त्याच्या हातांत पक्कं बसलं होतं. टाकीत उलट हवं होतं. उडालं ते गोडं पाणी, तर भरायचंही गोडंच. त्यानं काचेचा काटा आणायला सांगितला. काटा नको तितका वर तरंगला, म्हणजे पाणी फारच खारं.

उपाय सोपा होता. केसरबाईनं स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं गोडं पाणी तांब्यात आणलं आणि त्याच्या हातात दिलं. एकदम नको, थोडं थोडं, मासा दचकेल, एवढं परेशनं फोनवर विचारून सांगितलं.

गुणाजी तांब्या धरून उभा राहिला. तयार होत आलेल्या पाण्यात गोडं पाणी! अवकाळी सर आली, की सगळं घर वाफ्यावर धावायचं, मिठाच्या राशी झाकायचं. न जमल्यास आजा बांधावर बसून डोकं धरायचा, आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. गोडं पाणी म्हणजे घात, एवढं त्याला चालायला येण्याआधी कळलं होतं. तांब्या कलता होईना. परेश काहीतरी बोलणार होता. आईनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं.

"तूच ओत गो," शेवटी गुणाजी म्हणाला, पण तांब्या त्याच्याच हातात होता. केसरबाईनं तो काढून घेतला आणि टाकीच्या कोपऱ्यात धार धरली, सुतळीएवढी बारीक. गुणाजी पाठ फिरवून खिडकीशी गेला. बाहेर यार्डाची क्रेन हलत होती.

रोज थोडं थोडं करत काटा जागेवर आला. एका दुपारी मासा फटीतून बाहेर आला. पाठीवरचा काटा खाली पाडलेला. कोळंबीचा तुकडा त्यानं केसरबाईच्या हातातून ओढून घेतला, बोटासकट. ती ओरडली, आणि गुणाजी पहिल्यांदा हसला. टाकी बाहेर काढायचं परेश पुन्हा बोलला नाही.

गुणाजी अजून भरती बघून भिकूच्या होडीत जातो, टाकीचं पाणी बदलायला खारं पाणी आणतो, ते त्याचं काम. त्यानं भिकूची माफी मागितली नाही, फक्त त्याच्यासाठी एकदा ताडी नेली. मात्र उडालेलं पाणी भरायचं काम केसरबाईकडे आहे. ती तांब्या घेऊन आली, की गुणाजी उठतो आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहतो. धारेचा आवाज थांबेपर्यंत वळत नाही. थांबला, की विचारतो, "झालं?" ती म्हणते, "झालं, वळा आता."