शेजारच्या फ्रिजमधलं औषध

"ताई, वसू आज आली न्हाई."

हिराकाकूंचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या कडेला सूसच्या घरी लॅपटॉपसमोर बसून ऑफिसच्या मीटिंगमध्ये नुसती मान डोलावत होते. हिराकाकू म्हणजे माझी मैत्रीण वसुधा रिहे या खेड्यात ज्यांच्या आवारात भाड्याने राहायची, त्या घरमालकीण. सत्तरी गाठलेली बाई, आवाज मात्र खणखणीत. मला वाटलं, वसुधा गेली असेल घोटावड्याला, नाहीतर कुणाच्या भातकापणीला. तसं म्हणालेही. त्यावर काकू म्हणाल्या, "न्हाई. मी तिच्या खोलीवर जाऊन आले. तुमी या." आणि फोन ठेवून दिला. नांद्यावरून घोटावड्याकडे गाडी नेताना मला सगळं कळलेलं होतं, फक्त कळून घ्यायचं नव्हतं... वसुधा पलंगावर कुशीवर निजली होती. पहाटे कधीतरी झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंनी तिच्या अंगावर स्वतःच्या घरातली नवी चादर घातली होती आणि त्या दाराशी बसून राहिल्या होत्या. याला आता काही आठवडे झाले. रिह्यातली भातखाचरं मोकळी झाली, कुंपणांवर वालाच्या शेंगा लागल्या, आणि मी आता कुठे हे लिहायला बसले आहे.

वसुधा जळगावकडची, मी लातूरची. विशीत हिंजवडीला एकाच कंपनीत लागलो, एकाच खोलीत राहिलो आणि मेसच्या डब्याला एका सुरात नावं ठेवली. तिने लग्न केलं नाही, मी केलेलं टिकलं नाही, त्यामुळे पुढेही एकमेकींचं डोकं खायला आम्हाला भरपूर वेळ मिळाला. चाळिशी आली तशी तिची पाठ, पित्त आणि झोप हे तिन्ही एकदम बिघडलं. गोळ्या खाऊन ती कंटाळली. एका रविवारी कुणाच्या तरी फार्महाउसवर म्हणून रिह्याला गेली ती येताना हिराकाकूंच्या आवारातल्या दोन रिकाम्या खोल्या ठरवूनच आली. पुढे नोकरीही सोडली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पावसाळ्यात तिकडे लाइट जाते, भिंतींना ओल येते, विंचू निघतात, येईल गुपचूप परत. पण ती कसली येते!

तिचं राहणं साधं होतं, पण त्या साधेपणात फार कामं होती. भांड्यांना राख, कपड्यांना रिठा, आंघोळीचं पाणी अळूला, भाजीची देठं खताच्या खड्ड्यात, दिवेलागणीच्या आत जेवण. आणि घरात फ्रीज नाही. "फ्रीज आला की माणूस उद्याचं आज शिजवतो आणि कालचं आज खातो," असं ती म्हणायची. त्यामुळे तिच्याकडे एका वेळेपुरतंच शिजायचं आणि जेवायला यायचं असेल तर सकाळीच कळवावं लागायचं. एकदा मी न सांगता उगवले, तर तिने मला आधी अळू कापायला पाठवलं, मग चिंच कोळायला लावली, आणि उन्हं कलल्यावर पानावर बसवलं. पुण्याहून लोक तिच्याकडे निसर्गोपचार शिकायला यायचे. कुणी डिटॉक्सचं नाव काढलं की ती त्याच्या हातात झाडू द्यायची आणि अंगण दाखवायची. पण तिची पाठ सुधारली, पित्त गेलं, झोप परत आली, हेही खरं. ते मी तिच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, कारण मग पुढचं व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

मग काही वर्षांनी तिला सारखी तहान लागायला लागली. वजन उतरलं. कापलेल्या भाताचा खुंट पायात घुसून झालेली जखम भरेना. मेथ्या झाल्या, कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली, पहाटेचं चालणं तर होतंच. शेवटी मी तिला जवळजवळ ओढतच पुण्यात डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या पाहून ते म्हणाले, "तुमच्या शरीराने इन्सुलिन तयार करणं जवळपास बंद केलंय. ते बाहेरूनच द्यावं लागेल." तिने विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "कायम." गाडी रिह्याच्या वाटेला लागली. हिने नकार दिला तर काय काय सुनवायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पिरंगुटला म्हणाली, "शुभे, पाला खाऊन बघितला, नाही जमलं. आता सुई. चल, चहा पाज. बिनसाखरेचा." झालं, एवढंच. ना रडारड, ना तत्त्वज्ञान. कारलं तिने पुढेही खाल्लं, कारण तिला ते आवडायचं. शिकायला येणाऱ्यांना मात्र ती बजावायची, "पथ्य आपलं, चालणं आपलं, पण इन्सुलिन डॉक्टर सांगतील तसं. ते सोडायला सांगणाऱ्याच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नका."

इन्सुलिनला थंडावा लागतो म्हटल्यावर मला आनंदच झाला. आता कशी फ्रीजशिवाय राहते बघू, म्हणून मी एक छोटा फ्रीज घेतला आणि टेम्पोत घालून रिह्याला धाडला. पुढच्या रविवारी जाऊन उघडते तर आत तांदूळ, वाल, हुलगे आणि वेलभाज्यांचं बियाणं. वायरीची गुंडाळी करून नीट वर ठेवलेली. "बघ की, उंदीर शिरत नाहीत! इतकी चांगली भेट मला आजवर कुणी दिली नव्हती," वसुधा म्हणाली. इन्सुलिन कुठाय विचारलं तर म्हणे, हिराकाकूंच्या फ्रिजमध्ये. काकूंच्या मुलाने रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकल्यावर आईसाठी तिच्याहून उंच, दोन दारांचा फ्रीज आणला होता. पुढे मुलगा-सून हिंजवडीकडे राहायला गेले आणि त्या भल्याथोरल्या फ्रिजमध्ये दह्याची वाटी नि चार मिरच्या तेवढ्या उरल्या. मी भडकले. तिला म्हटलं, "माझ्याकडे सूसला चल. भाऊ जळगावला, फार्महाउसवाले शनिवार-रविवारचे, मी आठवड्यातून एकदा येणार. एक दिवस घरात पडशील आणि कुणाला कळायचंसुद्धा नाही." मला खरोखर ही भीती वाटायची, त्या भीतीने मी कितीदा तिला उगाच फोन करायचे. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हिराकाकूंना कळेल."

रोज सकाळ-संध्याकाळ ती अंगण ओलांडून काकूंकडे जायची. काकू फ्रिजच्या दारातल्या कप्प्यातून इन्सुलिनचं पेन काढून द्यायच्या. ओट्यावर बसून ती सुई टोचून घ्यायची. सुई घेतली की खावं लागतं, म्हणून काकूंची भाकरी तयार असायची आणि दोघी मिळून जेवायच्या. मी असले की काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "फ्रीज नगं म्हनती, अन् हिचं औषद माझ्या फ्रिजात! हिचा निसर्ग लई सोयीचा हाय बगा." वसुधा तोंडात घास असतानाच हसायची, ठसका लागेपर्यंत.

एकदा डोळे तपासायला म्हणून ती माझ्याकडे मुक्कामाला आली. सकाळी बघते तर इन्सुलिनचं पेन जेवणाच्या टेबलावर, किल्ल्यांशेजारी. मी ते उचलून फ्रिजकडे धावले. ती म्हणाली, "अगं, राहू दे. चालू केलेलं पेन काही आठवडे बाहेर गार जागी चालतं, डॉक्टरांनीच सांगितलंय. बंद असलेलं तेवढं फ्रिजमध्ये लागतं."

"मग रोज दोनदा अंगण तुडवत जातेस ती कशाला?"

वसुधाने आधी चहा संपवला. "काकू एकट्याने जेवत नाहीत गं. मुलगा तिकडे राहायला गेल्यापासून चहा-टोस्टवर दिवस काढायच्या. गोठ्यात चक्कर येऊन पडल्या होत्या एकदा. मी नुसतं जेवा म्हटलं असतं तर ऐकलं असतं का त्यांनी? आता मला सुईनंतर खायला लागतं, म्हणून चूल पेटते. तू बोलू नकोस हं तिकडे." मी बोलले नाही. वसुधासारखी, कुणाचं काही ऐकून न घेणारी बाई रोज दोन वेळा खोटं नाटक करते, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. कौतुकही वाटलं होतं.

मागच्या आठवड्यात तिच्या खोल्या आवरायला रिह्याला गेले. तिचा भाऊ दिवसकार्य उरकून परत गेला होता, सामान असं फारसं नव्हतंच. धान्य काकूंना दिलं, बियाणं गावातल्या बायकांना वाटलं. दुपारी काकूंनी त्यांचा फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात वसुधाचं पेन तसंच होतं. "ह्याचं काय करायचं, ताई?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता सांगून टाकायला हरकत नाही. म्हटलं, "काकू, एक सांगू का? हे पेन खरं तर..."

"भाईर ठेवलं तरी चालतंया. ठावं हाय मला."

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "माझी सून दवाखान्यात कामाला हाय. तिनं तवाच सांगितलं व्हतं."

"मग तुम्ही वसुधाला बोलला नाहीत कधी?"

"बोलले असते तर आली असती का रोज? एकटी बाई, सुईवर जगनारी. सकाळ-संध्याकाळ नजरंखालनं गेली म्हंजी मला झोप लागायची." मग फ्रिजचं दार लावत म्हणाल्या, "त्या दिशी आली न्हाई, तवा भाकरी तव्यावरच टाकून गेले..."

मी तिथेच ओट्यावर बसून रडले. अंत्यसंस्काराच्या दिवशी रडले नव्हते इतकी रडले. मी तिला ज्या मरणाची भीती घालत होते, ते तिला आलं नाही. ती आली नाही हे कळायला काकूंना एक भाकरी भाजण्याइतकाही वेळ लागला नव्हता. दोघी एकमेकींना सांभाळत होत्या, दोघींनाही पेनचं खरं ठाऊक होतं आणि दोघींनीही तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. लोक वसुधाच्या तब्येतीचं रहस्य रिठ्यात आणि हातसडीच्या तांदळात शोधायचे, मीसुद्धा त्यातलीच. काकूंनी मला पुरतं रडू दिलं आणि मग ताट पुढे सरकवलं. "खावा," म्हणाल्या. म्हटलं, तुम्हीही घ्या. मग त्याही बसल्या. आता रविवारची भाकरी तिथेच, असं आमचं ठरलंय.

त्या संध्याकाळी सूसला परत आले, लिफ्टने वर गेले, दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच मनात आलं, उद्या मी उठले नाही तर कुणाला कळेल? ऑफिसला वाटेल, नेट गेलं असेल. कामवाली बेल वाजवून निघून जाईल. मी हिशोबाने फार व्यवस्थित राहते. फ्रीज भरलेला, विमा भरलेला, दाराला कॅमेरा. पण माझी वाट बघणारं या मजल्यावर कुणीही नव्हतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये अकोल्याची प्राजक्ता राहते. नवरा कामाने सतत बाहेरगावी, ही दिवसभर घरून काम करते. वर्षभरात मला तिच्याबद्दल एवढंच कळलं होतं की ती बाहेरून फार जेवण मागवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या एका डबीत घातल्या आणि तिची बेल वाजवली. म्हटलं, माझा फ्रीज बिघडलाय, या गोळ्या गार ठेवाव्या लागतात, तुझ्याकडे ठेवशील का? रोज सकाळी येऊन एक घेत जाईन. ती गोंधळली, पण डबी घेतली. "काकू, पण उपाशीपोटी नका घेऊ हं. थांबा, मी पोहे करते." पहिल्या दिवशीच्या पोह्यांत मीठ नव्हतं. आता असतं.

काल संध्याकाळी ती माझी वाटी परत द्यायला आली. तहान लागली होती तिला. मी हातातलं काम टाकून उठेपर्यंत ती स्वयंपाकघरात गेली, माझा फ्रीज उघडला, गारेगार पाण्याची बाटली काढून घटाघटा प्यायली. मग बाटली जागेवर ठेवून तिने फ्रीज लावला आणि म्हणाली, "काकू, उद्या उपमा करते. या."