दोघींच्या नावचा दहीभात

चाळीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात कुणी काय आहेर केला, हे माझी आई पातळाच्या काठासकट सांगते. कुठल्या जावेनं कशावरून अबोला धरला, तेही तिला तोंडपाठ आहे. पण आपल्या दोन मुलींपैकी कांजिण्या कुणाला झाल्या होत्या, एवढं एक तिला सांगता आलं नाही. त्यापायी आम्ही जे दिवस काढले, ते आठवले की आजही माझं डोकं फिरतं.

माझी धाकटी बहीण सांगलीला दिली आहे. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. उपचार सुरू करण्याआधी तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का? नसतील तर आधी लस घ्या, दोन डोस असतात. एकदा दिवस राहिले की ही लस देता येत नाही."

बहिणीनं दवाखान्यातूनच आईला फोन लावला. आई औंधजवळ आमच्या गावी भावाकडे असते. ती म्हणाली, "व्हय की, दोघींनाबी आल्या हुत्या. यमाईशपथ!" यमाईची शपथ घेतल्यावर आमच्या घरात पुढं कुणी बोलत नाही. तरी बहिणीनं खात्री म्हणून मला विचारलं. मी साताऱ्यात शाळेत शिकवते, म्हणजे मला सगळं येतं अशी तिची भाबडी समजूत. मी ठणकावून सांगितलं, "झाल्यात गं. मला दहीभात चांगला आठवतोय. आणि माझ्या कपाळावरचा खड्डा बघितलास ना? त्याचाच तो." बहिणीनं लस घेतली नाही.

दहीभाताचं असं, की आमच्याकडे कांजिण्या आल्या म्हणजे घरात बया आली. तिची पाठवणी थंड नैवेद्यानं करायची. खपल्या पडल्या, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, की मरीआईपुढं दहीभात ठेवायचा आणि उरलेला पोरांनी खायचा. मी तो खाल्ला होता, एवढंच मला आठवत होतं.

दोन वर्षांनी बहिणीला दिवस राहिले. पाचवा महिना लागला तशी आईनं तिला ओटी भरायला गावी आणली. मीही गेले. भावाची पाच वर्षांची मुलगी दिवसभर या आत्याच्या मांडीवर, तर त्या आत्याच्या कुशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या अंगावर पाण्याचे फोड. तिला लस का दिली नाही म्हणून मी विचारलं, तर वहिनी म्हणाली, सरकारी यादीत नाही. आई म्हणाली, "देवाचं आसतंय ते, सुईनं आडवायचं नसतं." आणि आतली फोडणी बंद करून दारात लिंबाचा डहाळा अडकवायला लागली.

बहीण घाबरली. मी तिला म्हटलं, आपल्याला झाल्यात, आपल्याला काही होत नाही. तरी आईला पुन्हा विचारलं, "आई, आम्हां दोघींनाही फोड आले होते ना?"

"फोड एकीलाच आलं हुतं. दहीभात दोघींच्या नावानं ठिवला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. "एकीला आले आणि नैवेद्य दोघींचा? का?"

"आगं, बया घरात आलीच हाय, तर दोघींचं एकदमच सोडून घ्यावं म्हनलं. परत तिचा येन्याजान्याचा तरास नको."

"मग आल्या कुणाला?"

आईनं माझ्याकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. आमच्यात दीडच वर्षाचं अंतर. "एक निजून हुती आन् एक रडत हुती," ती म्हणाली. "सारखीच झबली आसायची तुमची. आता मला काय ठावं?"

"आणि माझ्या कपाळावरचा खड्डा?"

"त्यो व्हय? त्यो तू यमाईच्या पायऱ्यांवरनं पडलीस त्याचा."

शपथ घेताना या बाईला काहीच वाटलं नव्हतं, कारण तिच्या हिशेबी ती खोटं बोललीच नव्हती! नैवेद्य दाखवला म्हणजे कांजिण्या झाल्या. मी इतकी ओरडले की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. बहीण मात्र माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, तुला आठवतंय म्हणाली होतीस ना?" तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तासाभरात मी तिला गाडीत घातलं आणि विट्यावरून सांगलीला नेलं. डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. रक्त तपासायला घेतलं. पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या असतील तर ते रक्तात कळतं, रिपोर्टला तीन दिवस लागतील, म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही आजच लस घ्या. संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत घेतली तर उपयोग होतो. मोठ्या माणसांना हा आजार फार त्रास देतो."

मी त्यांना गणित समजावलं. आमच्यापैकी एकीला झालेल्या आहेत. हिला नसतील, तर त्या मलाच झाल्या असणार. मग लस कशाला? आधी हिचा रिपोर्ट येऊ दे.

"झालेल्या असल्या तरी लसीनं काही बिघडत नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि घेतली नाही.

ते तीन दिवस मी बहिणीच्या घरी होते. ती पोटावर हात ठेवून बसायची. बाळ नुकतंच हलायला लागलं होतं. "आज सकाळपासून हललं नाही गं," असं ती म्हणाली की मी तिच्या पोटाला कान लावून बसायचे. दहा वर्षांनी पदरात पडणारं लेकरू, आणि त्याच्या वाटेत माझा अर्धवट आठवलेला दहीभात. आई फोनवर सांगत होती, "घाबरू नगं, दोघींचं सोडलंय म्या." मी फोन आपटून ठेवत होते.

रिपोर्ट आला. बहिणीला लहानपणी झालेल्या होत्या, तिला आणि बाळाला धोका नव्हता. आम्ही दोघी दवाखान्याच्या जिन्यात गळ्यात गळा घालून रडलो. साताऱ्याला आल्यावर मी शाळेत कंदी पेढे वाटले. तिला झाल्या होत्या, म्हणजे मला झालेल्या नव्हत्या, हे पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. मलाही कळलं होतं. लस घ्यायला अजून एक दिवस होता. पण शाळेत तपासणी होती. शिवाय चाळिशीला टेकल्यावर कुठल्या आल्यात कांजिण्या, असंही वाटलं. दरवर्षी पालकसभेत लसीकरणावर भाषण मीच करते.

दहा-बारा दिवसांनी ताप भरला आणि डोक्याच्या केसांपासून तळपायापर्यंत फोड उठले. घशातसुद्धा. पाणी गिळवेना, कूस बदलवेना. आई गावाहून एसटीनं लिंबाचा पाला घेऊन आली, माझ्या स्वयंपाकघरातली फोडणी बंद केली, मला नीट निरखून बघितलं आणि समाधानानं म्हणाली, "बघ, म्या सांगत हुते का न्हाई? दोघींनाबी आल्या."

मला ओरडायचं होतं, पण घसा बसला होता.

खपल्या पडल्यावर तिनं मला न्हाऊ घातलं आणि दहीभात कालवायला घेतला. मी उशीवरून कसंबसं बजावलं, "या वेळी फक्त माझ्या नावानं ठेव. बाकी कुणाला यात घेऊ नकोस."

"तुझा तवाच ठिवलाय की," आई म्हणाली. "ह्यो तिच्या लेकराचा."

ती ताट घेऊन मरीआईला गेली. मी हात लांब करून फोन घेतला आणि बहिणीला लिहिलं, "बाळ सव्वा वर्षाचं झालं की लस टोचून घे. आईला विचारू नकोस. मलाही विचारू नकोस."