आंघोळीची आंधळी कोशिंबीर

आमच्या जालन्यात त्या दुष्काळाच्या वर्षांत पाण्यानं कायम भरलेल्या दोनच टाक्या होत्या. एक कुठल्याशा बड्या माणसाच्या बंगल्यावर असेल, आणि दुसरी आमच्या रंग-रसायनांच्या कारखान्यात, कास्टिक सोड्याच्या शेडबाहेर. ही दुसरी टाकी माझ्या ताब्यात होती. मी कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर. आमच्या टेंभुर्णी गावात मात्र सेफ्टी ऑफिसर म्हणजे रखवालदारांचा मुकादम, असंच सगळे धरून चालले होते. चुलते तर चारचौघांत सांगायचे, पोरगं शिकून कंपनीच्या गेटावर लागलं.

टाकीखाली एक शॉवर होता. शॉवर कसला, धबधबाच. दांडी ओढली की बदाबदा पाणी. कास्टिक अंगावर उडालं तर माणसानं तडक त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. कातडीचं एक वेळ निभावतं, पण डोळ्यांत गेलं तर कास्टिक थांबत नाही, आत खात जातं. लगेच पाणी मिळालं तर डोळे वाचतात, उशीर झाला तर गेले. म्हणून ती टाकी भरलेली ठेवायची, हे माझं पहिलं काम. कंपनीचा टँकर आला की आधी माझी टाकी, मग बाकीचं जग, यावरून मी भल्याभल्यांशी भांडलो. राग माझ्या नाकावरच असायचा, आणि "पाणी वाया घालवू नका" हे तर माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की कारखान्यातली पोरं माझी नक्कल करायची.

मला ज्यांच्या डोळ्यांची खरी धास्ती होती, ते आमचे मामा. ते माझे मामा नव्हेत, सगळ्या कारखान्याचेच मामा. केदारखेड्याचे, कास्टिकच्या पंपावरचे जुने ऑपरेटर. कंपनीनं त्यांना झकास नवा गॉगल दिला होता. तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला. का? तर खराब होईल म्हणून!

"मामा, गॉगल कुठंय?"

"हाय की साहेब. एकदम नवाकोरा ठुलाय."

"डोळ्यांवर का नाही?"

"कास्टिकनं डाग पडतेत ना त्याच्यावर."

आता बोला! मी कपाळावर हात मारून घ्यायचो. शनिवारी मात्र गॉगल पिशवीतून बाहेर यायचा. मामा मोपेडवरून गावाला निघायचे आणि रस्त्यावरच्या धुळीसाठी तो लावायचे. गावात म्हणे त्यांचा भलताच रुबाब पडायचा.

तर एका उन्हाळ्यात माझी टाकी रिकामी व्हायला लागली. सकाळी काठोकाठ भरलेली, दुपारी पाळी सुटेपर्यंत निम्मी. मी प्लंबरला बोलावून पाइप तपासले, कुठं गळती नाही. घरी येऊन बायकोपुढं कटकट केली, तर ती हंडा आदळून म्हणाली, "अहो, इथं नळाची वाट बघून माझे डोळे गेले, आणि तुमची टाकी अपघाताची वाट बघत भरून बसलीय. कोणी दोन तांबे घेतले तर बिघडलं कुठं?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं. ती म्हणाली, मला पाण्याशिवाय दुसरं काहीच कळत नाही सध्या.

शेवटी पाळी सुटायच्या वेळेला मी शेडमागं दबा धरून बसलो. बघतो तर काय, मामा! कमरेला टॉवेल, डोक्याला लाल साबणाचा फेस, आणि मजेत गुणगुणताहेत. मागं बादल्या घेऊन बाकीची पाळी रांगेत उभी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मामा! हे काय चाललंय?"

मामांनी डोळे उघडले, साबण झोंबला म्हणून पुन्हा मिटले, आणि तसंच शांतपणे म्हणाले, "टेस्टिंग करून राह्यलो, साहेब. शॉवर बराबर चालतो का न्हाई, पाह्यला नको?"

"साबण लावून?"

"मंग? कास्टिक निघतं का न्हाई, हे कसं कळन?"

रांगेतली पोरं खो खो हसली. मला हसू येत होतं, पण मी जोरात ओरडलो. सगळ्यांना झापलं, बादल्या जप्त करण्याची धमकी दिली. मग रांगेतला एक जण हळूच म्हणाला, "साहेब, घरी प्यायलाच पाणी न्हाई. अंगावर रंगाची पावडर घिऊन लेकराला जवळ घ्यावं का?" बादल्या काही मी जप्त केल्या नाहीत. कारण तेही खरं होतं. अंगावरची पावडर घरी नेऊ नका, असं भिंतीवर मीच लिहून ठेवलं होतं.

रात्रभर चिडचिड केली आणि सकाळी एक युक्ती सुचली. टाकीतलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर मी तांबड्या रंगाची रेघ मारली. रेघेच्या खालचं पाणी फक्त अपघाताचं, त्याला कोणी हात लावायचा नाही. वरच्या पाण्यातून एकेक बादली आंघोळीला घ्यायला परवानगी. पण एका अटीवर. ज्याला आंघोळ करायची त्यानं आपल्या कामाच्या जागेपासून शॉवरपर्यंत डोळे बांधून यायचं. एकट्यानं. कोणी हात धरायचा नाही.

"ह्यॅ! आंधळी कोशिंबीर खेळायला मी काय लेकरू हाय का?" मामा फणकारले.

"मग राहा बिनआंघोळीचे," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी जी धमाल उडाली, ती आठवली की अजून पोट दुखतं. एक जण थेट ऑफिसात शिरला आणि टायपिस्टच्या टेबलाला दांडी समजून ओढायला लागला. दुसरा भिंतीशी कुस्ती खेळला. आणि निम्मे लोक वाटेतल्या रिकाम्या ड्रमांवर आपटले. ते ड्रम वाटेतून हलवा, म्हणून मी किती वेळा बोंबललो होतो, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता नडग्या फुटल्यावर लोकांनी संध्याकाळच्या आत सगळे ड्रम उचलून पार मागच्या आवारात नेले. मी नुसता उभा राहून बघत होतो, इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नव्हता.

त्यात एकदा आमचे मॅनेजर साहेब फेरीला आले. समोर तीन उघडे गडी, डोळ्यांना फडकी, हात पुढं करून चाचपडत चाललेले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताठ उभा राहून म्हणालो, "ड्रिल आहे, सर." साहेबांनी तिघांना शॉवरपर्यंत जाऊ दिलं. मग साबणाचं पाणी कुठं जातं, एवढंच त्यांनी विचारलं. बाहेर नाल्यात सोडत नाही, आपल्या शुद्धीकरणाच्या हौदात जातं, असं सांगितल्यावर मान हलवून गेले. हौदावर फेस येतो म्हणून तिथला माणूस मात्र रोज मला शिव्या घालायचा.

मामा हट्टानं काही दिवस लांब राहिले. पण उन्हाळा जालन्याचा, घाम कोणाचं ऐकतो? एका शनिवारी टॉवेल खांद्यावर टाकून आले. म्हणे गावाला जायचंय, पाव्हणे येणार हायत. डोळे बांधून घेतले आणि काय सांगू, सुसाट निघाले! कुठं अडखळले नाहीत की चाचपडले नाहीत. पोरांनी लगेच ओरडा केला, "खालून बघून राह्यले! मामा खालून बघून राह्यले!" पट्टी सैल होती, म्हातारा फटीतून चक्क बघत होता. मी त्यांना पंपापर्यंत परत पाठवलं आणि स्वतः करकचून पट्टी बांधली. मामा मला काय काय बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. कठडा धरत, खांब चाचपत, दोनदा चुकत ते पोचले, तेव्हा आख्ख्या पाळीनं टाळ्या वाजवल्या. मग तेही खेळात रंगले. पुढं पुढं तर पैज लावून पोरांच्या आधी पोचायला लागले. गॉगल मात्र पिशवीतच.

तो दिवसही शनिवारच होता. गॉगल सकाळपासून मोपेडच्या हँडलला लटकत होता. दुपारी पाळी सुटत आलेली, पोरं बादल्या घेऊन शॉवरजवळ जमलेली. मी शेडच्या पलीकडल्या टोकाला कोणाला तरी झापत होतो. तेवढ्यात पंपाकडून मामा येताना दिसले. डोळे मिटलेले, एक हात कठड्यावर, पावलं झपाझप.

पोरं ओरडली, "आले, आले! मामा आज लई जल्दीत!"

"मामा, डावीकडं!"

"मामा, पट्टी कुठंय? चीटिंग! चीटिंग!"

"साबण इसरला, मामा!"

मामा सरळ पुढं आले. खांबाशी बरोबर वळले. आणि मला दिसलं, अंगात कपडे होते. आंघोळीला कोणी कपड्यांसकट येतं का? पंपाची नळी निसटली होती आणि मामांच्या तोंडावर कास्टिक उडालं होतं.

मी धावलो. मी पोचायच्या आत त्यांनी दांडी ओढलेली होती. वरून पाणी कोसळत होतं आणि हसणारी पोरं बादल्या टाकून मागं सरली होती. मी तसाच बुटांसकट आत शिरलो. मामा वेदनेनं डोळे गच्च मिटून उभे. मी बोटांनी पापण्या फाकवल्या, ते गुरासारखे ओरडले, मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. "उघडा डोळे! उघडा म्हणतो ना! गॉगल कुठंय तुमचा, आँ? नवाकोरा ठेवलाय?" शिव्या देत होतो आणि पाणी मारत होतो. दवाखान्यात न्यायची गाडी दारात येईपर्यंत, आणि आल्यावरही, मी हलू दिलं नाही. तांबडी रेघ केव्हाच वर राहिली होती. त्या दिवशी टाकी तळापर्यंत रिकामी झाली, आणि मी एका थेंबाबद्दल कोणाला बोललो नाही.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि म्हणाले, बघू. ते "बघू" मला झोपेतही ऐकू यायचं. घरी मी कोणावर ओरडत नव्हतो, म्हणून बायकोच घाबरली होती. पट्ट्या काढायच्या दिवशी ती म्हणाली, "जा तुम्ही. आणि तिथं तरी त्यांच्यावर खेकसू नका."

मी मात्र खेकसायचं ठरवूनच गेलो होतो. खिशात मामांचा गॉगल होता. मोपेडवरून काढून आणलेला. कॉटशी उभा राहून मनात सगळं भाषण जुळवत होतो. डॉक्टरांनी हळूहळू पट्ट्या सोडल्या. मामांचे डोळे नुसते लालभडक. पापण्या फडफडल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतंय, मामा? समोर कोण आहे?"

मामांनी माझ्याकडं तोंड केलं. खिशातला गॉगल मी बाहेर काढलाच नाही.

मग म्हणाले, "आमचे साहेब हायत. रडून राह्यले." आणि माझ्याच आवाजात, अगदी हुबेहूब, दरडावलं, "साहेब, पाणी वाया घालवू नका!"