मडगार्डवरचा ताजा रंग

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. मी तिथे ठाणेदार होतो.

नंदिनी खाणीच्या रस्त्यावर एका मोटारीने रेल्वेच्या गँगमनला सायकलसकट उडवले आणि ती न थांबता निघून गेली. गँगमन नागपूरकडचा मराठी माणूस. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पंचनाम्यात निळ्या रंगाचा एक पोपडा मिळाला. त्याच्या आतल्या बाजूला गंज चिकटलेला होता. म्हणजे गाडी जुनी.

पुढे एका सायकल दुरुस्तीवाल्याने खबर दिली, की गिट्टी-खडीच्या ठेकेदाराची जुनी निळी मोटार एकाएकी ताडपत्रीखाली गेली आहे. आम्ही जाऊन पाहिली. डाव्या मडगार्डवर ताजा रंग होता. ड्रायव्हर वर्ध्याकडचा, पन्नाशीचा. म्हणाला, गंज लागला होता, काढला.

ठाण्यात आणून मी त्याला चहा दिला. धाकात माणूस पाठ केलेले बोलतो. त्याच्या कामाबद्दल विचारले की मोकळा होतो. गंज कसा काढता, असे विचारले. त्याने मन लावून सांगितले. पत्रा चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा, पुसून कोरडा करायचा, लाल ऑक्साइडचा हात द्यायचा, तो पक्का वाळल्यावरच रंग. मडगार्डला आतून डांबर फासायचे. दाराखालची पाणी जायची भोके मोकळी ठेवायची, कारण गंज बहुतेक तिथूनच धरतो.

मग त्याला गाडीपाशी नेले. दारांच्या खालच्या कडांची गंजून चाळण झाली होती. तिथे कुणी हातही लावला नव्हता. पंचांसमोर मडगार्ड खरवडले. रंगाखाली खड्डे बुजवायची लांबी, लांबीखाली चेपलेला पत्रा, आणि त्यावर गंज तसाच.

"तुमचं काम असं असतं का?" मी विचारले.

त्याने खरवडलेल्या पत्र्यावरून बोट फिरवले. मग म्हणाला, "नाही साहेब. गाडी मालक चालवून राहिले होते. मी बाजूले होतो. थांबा म्हणलं, त्यांनी ऐकलं नाही. मंग मलेच रंग माराले लावला."

हेच त्याने कोर्टातही सांगितले. ठेकेदाराला शिक्षा झाली, आणि ड्रायव्हरची नोकरी गेली.

निकालानंतर गँगमन कुबड्यांवर ठाण्यात आला. मला वाटले, शिक्षेबद्दल विचारायला आला असेल.

"साहेब, त्या ड्रायव्हरले कुठं काम भेटलं का?" त्याने विचारले. "त्याले बी लेकरं असतीन."

आम्ही दोघांनी मिळून त्याला दुर्गच्या एका गॅरेजात लावून दिले. गुन्हेगार कसा शोधायचा हे मला नोकरीने शिकवले. खरे बोललेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे विचारायला त्या गँगमनने शिकवले. त्यानंतर निकाल लागला, की मी साक्षीदाराच्या घरी एकदा तरी जाऊन येत असे.