वाळवी न लागलेला बस्ता

एका अर्जावर मी खोटं उत्तर लिहिलं होतं. दोनच ओळींचं होतं, आणि त्या दोन ओळी मला अजून तोंडपाठ आहेत : ‘आपण मागितलेला अभिलेख वाळवी लागल्याने नष्ट झाला आहे. सबब माहिती पुरविता येत नाही.’ निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या, दरोड्याच्या तपासाबद्दल विचारतात. मी मात्र ही हकीकत सांगतो, कारण यातला आरोपी मला फार जवळून माहीत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. कापूस, सोयाबीन, मंगळवारचा बाजार, आणि बाजारात हरवलेल्या चपलांपासून बांधावरच्या भांडणापर्यंत सगळ्या तक्रारी घेणारं आमचं ठाणं. ठाणेदार हा माहिती अधिकारात जन माहिती अधिकारीही असतो. म्हणजे गावानं माहिती मागायची माझ्याकडे, आणि ती न देण्याची कारणंही मीच शोधायची. मी हे दुसरं काम अधिक मन लावून करायचो, हे आज कबूल करतो.

एके दिवशी बाजारपेठेतला दुचाकीचा मिस्त्री अर्ज घेऊन आला. साठीचा माणूस, गाव त्याला चाचा म्हणायचं. अर्जावर तिकीट नीट लावलेलं, खाली मजकूर एवढाच : ‘माझ्या मुलीचा कागद द्यावा.’

“कोणता कागद, चाचा?”

“तोच साहेब, बकरीवाला.”

प्रकरण असं होतं. चार वर्षांपूर्वी शेजारणीनं तक्रार अर्ज दिला होता की मिस्त्रीच्या बकरीनं वाळत घातलेली साडी खाल्ली आणि जाब विचारला तेव्हा मिस्त्रीच्या मुलीनं धमकी दिली. चौकशी झाली, तथ्य निघालं नाही, अर्ज दफ्तरी दाखल झाला. आता त्या मुलीची सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून निवड झाली होती. चारित्र्य पडताळणीच्या वेळी आमच्या हवालदारानं अर्जांची नोंदवही उघडली, तिच्या नावापुढे ‘धमकी’ हा शब्द पाहिला आणि तेवढाच उतरवून पाठवला. चौकशीत काय निघालं ते पाहायला पान उलटावं लागलं असतं. मुलीला खुलासा मागणारं पत्र आलं. चौकशी अहवालाची शिक्क्याची नक्कल मुदतीत दिली नाही, तर नोकरी पुढच्या नावाला जाणार होती.

मी अर्ज परत केला. कारण लिहिलं, ‘माहितीचा तपशील स्पष्ट नाही.’ चाचा चार दिवसांनी पुन्हा आले. या वेळी मुलीनं नोंदवहीचं नाव, वर्ष, महिना, शेजारणीचं नाव, सगळं लिहून दिलं होतं. आता परत करायला जागा नव्हती. मी मोहररला, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाला, कागद काढायला सांगितलं. तो दफ्तरखोलीत गेला, दहा मिनिटांनी डोक्याला कोळिष्टकं लावून बाहेर आला. त्या खोलीत वर्षावर्षाचे कागद फडक्यात बांधलेले असत, त्या गठ्ठ्याला आम्ही बस्ता म्हणायचो.

“साहेब, त्या वर्षाचा बस्ताच नाई.”

“नीट पाहिलं?”

“साहेब, आत साप हाये म्हणतात.”

एवढ्यावर आमचा शोध संपला. मी खोलीच्या दारापर्यंतही गेलो नाही. वाळवीवर ढकललं, सही केली, शिक्का मारला. वाळवी काही अपिलात येत नाही, असा माझा हिशेब होता.

पुढे तीनेक आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी माझ्या खबऱ्यानं टीप दिली. हा खबऱ्या म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला. एरवी त्याच्या टिपा कोण कोणाशी बोलत नाही एवढ्यापुरत्या असायच्या.

“साहेब, मिस्त्रीच्या गॅरेजात पोलिसाचे कागद पाह्यले म्या. लाल फडक्यात बांधेल हायेत. वर तुमचा शिक्का हाये.”

मला केवढा आनंद झाला! बस्ता चोरीला गेला होता आणि चोर तोच अर्जदार होता. मी खोटं लिहिलं होतं हेसुद्धा त्या आनंदात विसरलो. भर टपरीवर, बाजाराला आलेल्या माणसांसमोर मी मोठ्यानं म्हणालो, “सापडला चोर!” आणि दोन शिपाई पाठवून चाचांना आणवलं.

त्यांना मी तीन तास व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. हे आमचं जुनं तंत्र. बसवून ठेवलेला माणूस आतून मऊ होतो, असं आम्हाला शिकवलेलं. व्हरांडा रस्त्यावरून दिसतो. त्या तीन तासांत भाजी घेऊन जाणाऱ्या अर्ध्या गावानं चाचांना पाहिलं. काहींनी लांबूनच विचारलं, “काय केलं हो चाचा?” चाचा म्हणत राहिले, “मलेच मालूम नाई.”

मग चौकशी सुरू झाली. मोहरर जबाब लिहायला बसला.

“चाचा, सरकारी कागद तुमच्याकडे आहेत?”

“हो साहेब.”

मी गडबडलो. पहिल्याच प्रश्नाला कोणी कबूल होत नाही. पुढचे पाच प्रश्न मी तयार ठेवले होते, ते वाया गेले.

“कुठून आणले?”

“आणले नाई. गाडीत आले.”

“कोणाच्या गाडीत?”

“आधी तुमची होती. आता मालकाची हाये.”

मोहररचं पेन थांबलं. तो छताकडे पाहू लागला.

“साहेब,” चाचा शांतपणे म्हणाले, “ते काळीपिवळी जीप नाई का, दोन वर्षं तुमच्या आवारात उभी होती? कोर्टानं सोडली. तुमचं वाळवीचं पत्र आल्यावर मालकानं ढकलत माझ्याकडे आणली. म्या म्हटलं, दुचाकीवाला हावो बाप्पा, जीप मले झेपत नाई. तो म्हणे, पाहा तर खरं. मागची सीट उचलली तं खाली गठ्ठा.”

आता मला सगळं आठवलं. वर्षापूर्वी वरिष्ठांची वार्षिक तपासणी होती. तपासणी म्हणजे आमच्याकडे सण असतो. झाडांना गेरू आणि चुना, दगडांना चुना, एकदा तर उभ्या राहिलेल्या बैलाच्या खुरालाही लागला होता. आणि जे कागद लावून ठेवलेले नाहीत, ते साहेबांच्या नजरेआड करायचे. त्या सकाळी वेळ उरली नव्हती. व्हरांड्यात उभं राहून मीच ओरडलो होतो, “भरा सगळं त्या जीपमध्ये!” तपासणी उत्तम झाली. दफ्तराच्या टापटिपीबद्दल शेरा चांगला मिळाला. आम्ही पेढे खाल्ले. मग शिपायांनी दिसतील ते बस्ते परत आणले, आणि सीटखाली कोणी पाहिलं नाही. जीप सोडली त्या दिवशी मी स्वतः फाटकापर्यंत गेलो होतो. चार शिपायांनी ती ढकलली, आणि जागा मोकळी झाली म्हणून मी हात हलवून निरोप दिला होता.

तरी ठाणेदाराची सवय जात नाही. मी आवाज चढवला. “मग परत का नाही आणले?”

“दोन डाव आणलते ना साहेब! पहिल्या डावी दारावरचा शिपाई म्हणे, पत्राशिवाय आवक होत नाई. पत्र लिहून आणलं. तं म्हणे, साध्या कागदावर नाई चालत, नमुन्यात लागते. नमुना मागतला. तं म्हणे, तसा नमुना निघालाच नाई अजून.”

“आणि गठ्ठा सोडून पाहिला नाही? तुमच्या मुलीचा कागद त्यात असेल असं वाटलं नाही?”

“वाटलं ना. पोरगी तं म्हणे, अब्बा, पाहूच. म्या नाई म्हटलं. गाठ तुमची हाये साहेब. सोडली असती, तं आज ह्या बाकावर बसलो ते बरोबर झालं असतं.”

जबाबातली ही ओळ लिहायची की नाही, असं मोहररनं मला डोळ्यांनी विचारलं. मी त्याला गॅरेजात पिटाळलं.

तोच मोहरर मोटरसायकलवर जाऊन बस्ता घेऊन आला. गाठ ठाण्यातलीच, तेलकट झालेली. आत बकरीचा अहवाल होता, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. सोबत शेजारणीचा जबाब : ‘सदर बकरी मिस्त्रीची नसून माझ्या चुलत दिराची असल्याचे मला मागाहून समजले. रागाच्या भरात धमकीचे लिहिले गेले.’

तोवर वडिलांना उचलल्याचं ऐकून मुलगीही आली होती. मी मोठ्या उदारपणे म्हणालो, “घे बेटा, शिक्का मारून देतो नक्कल. झालं तुझं काम.”

तिनं कागद हातात घेतला नाही. “साहेब, वाळवीचं पत्र म्या त्या ऑफिसात आधीच जमा केलं. आता हे नक्कल देली, तं ते म्हणतीन नष्ट झालेला कागद आला कुठून? खोटा बनवला म्हणतीन. परवा शेवटचा दिवस हाये.”

ती बरोबर होती. माझ्या एका सहीनं कागद मेला होता. दुसऱ्या सहीनं त्याला नुसता उठवून चालणार नव्हतं, पहिली सही खोटी होती हे लिहून द्यावं लागणार होतं. आणि तसं लिहिलं की वरिष्ठांपुढे खुलासा देणं आलंच.

मी पहिला मसुदा केला : ‘नजरचुकीने असे कळविण्यात आले.’

मुलीनं वाचला. “नजरचूक कशी साहेब? तुमी तं पाह्यलंच नाई.”

दुसरा मसुदा : ‘तांत्रिक कारणास्तव.’

“कोणतं तंत्र?”

मोहररला खोकला आला. तो बाहेर जाऊन बराच वेळ खोकला.

तिसरा मसुदा मी स्वतःच्या हातानं लिहिला : ‘पूर्वीचे उत्तर मी अभिलेख न शोधता दिले होते. वाळवी लागलेली नव्हती. यात अर्जदाराची कोणतीही चूक नाही.’ पडताळणीचा शेराही दुरुस्त करून सोबत दिला. एक प्रत वरिष्ठांना पाठवली. मला लेखी ताकीद मिळाली. मुलगी मुदतीत हजर झाली आणि एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पोलिसांकडे कागद मागायचा असेल तर नोंदवहीचं नाव आणि वर्ष लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. ‘कागद नष्ट झाला’ असं उत्तर आलं, तर ज्या यादीनुसार नष्ट केला ती यादी मागा आणि तीस दिवसांत अपील करा. दफ्तर स्वतः पाहण्याची परवानगीही अर्जात मागता येते. आणि ठाणेदाराला माझं सांगणं एवढंच, की उठून खोलीत जावं. साप नसतो. मी नंतर जाऊन पाहिलं.

पण पत्रात एक गोष्ट राहिली होती. ‘सापडला चोर’ असं मी बाजारात म्हणालो होतो, आणि नव्हता तो चोर, हे बाजारात कोणी सांगितलं नव्हतं. बरेच दिवस लोक गाड्या दुसऱ्या गॅरेजात नेत होते, हे माझ्या कानावर आलं होतं. मी त्या ठाण्यात असेपर्यंत तिकडून जाताना सरकारी जीपची काच वर करायचो. पुढे बदली झाली, मग निवृत्ती. आणि त्या दोन ओळी रोज आठवायच्या.

निवृत्तीनंतरच्या एका मंगळवारी मी बसनं त्या गावी गेलो. बाजार भरात होता. चाचा एका मोटरसायकलपाशी उकिडवे बसून इंजिनचा आवाज ऐकत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, “चाचा, मला तुमची माफी मागायची आहे.”

“कोण? ठाणेदार साहेब? जोरात बोला, गाडी चालू हाये!”

मी जोरात म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरला. “अजून जोरात!”

मग मी होता तेवढा आवाज लावला, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांनी इंजिन बंद केलं. समोरची भाजीवाली, टपरीवरचा खबऱ्या, पिशव्या घेतलेली माणसं, सगळी थांबून माझ्याकडे पाहू लागली. आता आवाज खाली आणायला उशीर झाला होता. म्हणून तेवढ्याच आवाजात मी वाक्य पुरं केलं :

“चाचा, चोर तुम्ही नव्हता! कागद मी हरवला, खोटं मी लिहिलं आणि बाकावर तुम्हाला बसवलं! मला माफ करा!”